न छापलेला आकडा

गेमिंग लॅपटॉप हे यंत्र दोन परस्परविरोधी मागण्यांच्या कात्रीत घडलेले आहे. संगणकावरच्या त्रिमितीय खेळाला भरपूर वीज लागते आणि चिपमध्ये खर्च झालेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. उलट लॅपटॉप पातळ, हलका आणि पाठीवरच्या बॅगेत मावणारा असावा लागतो, त्यामुळे त्या उष्णतेला वाट करून द्यायला त्याच्या पोटात जागा कमीत कमी उरते. महागड्या यंत्रात हा विरोध पैशाच्या बळावर बराच सौम्य करता येतो, कारण तेथे उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या अधिक असतात, पंखे मोठे असतात, चौकट धातूची असते आणि बॅटरीही दांडगी असते. स्वस्त यंत्रात तो मिटवायला पैसा नसतो, म्हणून तो एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे ढकलला जातो: कधी पडद्याकडे, कधी बॅटरीकडे, कधी रॅमकडे, तर कधी ज्याचा जाहिरातीत उल्लेखही नसतो अशा एखाद्या मर्यादेकडे. तो नेमका कुठे ढकलला गेला आहे हे ओळखणे, एवढेच काम खरेदीदाराच्या हाती असते, आणि ते कठीण असले तरी अशक्य नाही.

भारतीय बाजारात 'बजेट गेमिंग लॅपटॉप' म्हणून जे ओळखले जाते त्याची किंमत गेल्या काही वर्षांत साधारणपणे ६० ते ८० हजार रुपयांच्या दरम्यान राहिली आहे, आणि त्याचे मुख्य लक्षण म्हणजे स्वतंत्र ग्राफिक्स चिप, म्हणजे पडद्यावरचे प्रत्येक चित्र घडवण्याचे गणित करणारी, मुख्य प्रोसेसरपासून वेगळी आणि स्वतःची मेमरी बाळगणारी चिप. महाराष्ट्रात या यंत्राचा मोठा ग्राहक अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा ॲनिमेशन शिकायला निघालेला विद्यार्थी आहे. केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या फेऱ्या (कॅप राउंड) संपून महाविद्यालय ठरले की घरात पुढची चर्चा लॅपटॉपची होते, आणि पुढची काही वर्षे हेच एक यंत्र ड्रॉइंगचा फळा, प्रोग्रॅमिंगची वही, चित्रपटगृह आणि खेळाचे मैदान अशा सगळ्या भूमिका निभावणार असते. घरच्यांना सांगताना 'अभ्यासासाठी' हे कारण पुढे केले जाते आणि खेळाचा उल्लेख दबक्या आवाजात होतो. वास्तविक त्यात लपवण्यासारखे काही नाही. संध्याकाळी मैदानावर दोन तास घालवणे जसे तरुण वयाला शोभते तसेच मित्रांबरोबर एखादा सामना ऑनलाइन खेळणेही शोभते, आणि खेळ हा गरजेचा भाग आहे हे मोकळेपणाने मान्य केले तर खरेदीही डोळसपणे होते. गरज लपवली की दुकानदाराला चुकीची माहिती मिळते आणि पदरी चुकीचे यंत्र पडते.

या खरेदीतला पहिला आणि सर्वांत खोल पेच नावांचा आहे. ग्राफिक्स चिप बनवणारी एनव्हिडिया ही कंपनी डेस्कटॉपच्या आणि लॅपटॉपच्या चिपना जवळजवळ एकच नाव देते, परंतु त्या नावाखालची वस्तू एकच असते असे नाही. २०२१ साली लॅपटॉपसाठी आलेल्या आरटीएक्स ३०५० मध्ये २०४८ गणनकेंद्रे (कोअर) आणि ४ जीबी मेमरी होती. त्यानंतर आलेल्या याच नावाच्या डेस्कटॉप कार्डात २५६० गणनकेंद्रे आणि ८ जीबी मेमरी होती. आणि पुढे लॅपटॉपसाठीच ६ जीबी मेमरीची, वाढीव गणनकेंद्रांची आणखी एक आवृत्ती आली, तिचे नावही तेच राहिले. तरीही नावातला हा गोंधळ परवडला, कारण तो निदान तांत्रिक माहितीच्या तक्त्यात शोधता येतो. त्याहून महत्त्वाचा आहे तो वॅटचा आकडा.

ग्राफिक्स चिपला जास्तीत जास्त किती वीज ओढू द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, आणि या मर्यादेला 'टोटल ग्राफिक्स पॉवर' किंवा थोडक्यात टीजीपी म्हणतात. आरटीएक्स ३०५० साठी ही मर्यादा ३५ पासून ८० वॅटपर्यंत कुठेही ठेवण्याची मुभा एनव्हिडियाने दिली होती. २०२३ साली आलेल्या ४०५० आणि ४०६० या लॅपटॉप चिपसाठी तर ती ३५ पासून ११५ वॅटपर्यंत ताणली गेली. म्हणजे एकाच नावाची चिप असलेले दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले तर एकाची चिप दुसरीच्या तिप्पट वीज घेत असू शकते. वीज तिप्पट झाल्याने वेग तिप्पट होतो असे अर्थातच नाही, कारण चिपचा वेग वाढवायचा तर तिचे व्होल्टेज वाढवावे लागते आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वरच्या टोकाला थोड्याशा वेगासाठी पुष्कळ वीज मोजावी लागते. पण खालच्या टोकाला ही गोष्ट उलटते: ३५ किंवा ४५ वॅटवर बांधून ठेवलेली चिप इतकी मागे पडते की कागदावर तिच्याहून कमी दर्जाची, पण मोकळी सोडलेली दुसरी चिप तिच्यापुढे जाऊ शकते. ज्याने केवळ नाव वाचून दहा हजार रुपये अधिक मोजले त्याचे ते दहा हजार अशा वेळी वाया जातात, आणि तसे झाल्याचे त्याला कधी कळतही नाही, हे अधिक वाईट आहे.

वॅटची मर्यादा कंपनी मनमानीने ठरवत नाही. ती उष्णता बाहेर टाकण्याच्या क्षमतेवरून ठरते, आणि इथे महाराष्ट्राच्या हवामानाचा प्रत्यक्ष संबंध येतो. लॅपटॉपच्या चाचण्या बहुधा २२ ते २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीत होतात. उष्णता बाहेर टाकण्याच्या यंत्रणेचे गणित ढोबळमानाने सरळ रेषेचे असते: प्रत्येक वॅटमागे चिपचे तापमान खोलीच्या तापमानाच्या वर ठरावीक प्रमाणात चढते. समजा हे प्रमाण दर वॅटला ०.६ अंश आहे आणि चिपला ८७ अंशांच्या पुढे जाऊ द्यायचे नाही, तर २५ अंशांच्या खोलीत ती सुमारे १०३ वॅट पचवू शकेल. हेच यंत्र मे महिन्यात अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या, बाहेर पारा ४५ च्या वर असताना ४० अंशांपर्यंत तापलेल्या खोलीत ठेवले तर तिथे त्याची झेप सुमारे ७८ वॅटवर थांबेल. यंत्र तेच, चिप तीच, पैसे तितकेच, आणि तरी पाव हिस्सा ताकद हवेनेच कापून घेतली. अशा वेळी चिप स्वतःला जपण्यासाठी वेग आपोआप कमी करते. त्याला थ्रॉटलिंग म्हणतात, आणि खेळणाऱ्याला ते चालू सामन्यात अचानक आलेल्या अडखळण्याच्या रूपाने जाणवते. पुणे, नाशिक किंवा महाबळेश्वरच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला जो लॅपटॉप चांगला म्हणून सांगता येईल तोच विदर्भातल्या वसतिगृहात, कूलर नसलेल्या खोलीत राहणाऱ्या मुलाला डोळे झाकून सांगता येत नाही. कोकणपट्टीत प्रश्न थोडा वेगळा आहे; तिथे तापमान इतके चढत नाही, पण दमट हवेत चिकटणाऱ्या धुळीचा थर पंख्यांच्या पात्यांवर आणि त्यांच्यापुढच्या बारीक जाळीवर बसतो आणि वर्षा-दीड वर्षात हवेचा मार्ग अरुंद करतो. वर्षातून एकदा मागचे झाकण उघडून सफाई करून घेणे आणि दोन-तीन वर्षांनी चिप व तांब्याच्या पट्टीमधली, सुकत चाललेली थर्मल पेस्ट बदलणे हा खर्च किरकोळ आहे, आणि रंगीत दिव्यांच्या कूलिंग पॅडपेक्षा त्याचा उपयोग नक्कीच अधिक आहे. लॅपटॉप गादीवर ठेवू नये हे मात्र कितीही वेळा सांगितले तरी थोडेच, कारण हवा आत घेण्याची भोके बहुतेक यंत्रांत खालच्या बाजूला असतात.

उणिवांचे दोन वर्ग पाडता येतात, आणि स्वस्त लॅपटॉपचा सगळा विचार या एका भेदावर उभा करता येतो: काही उणिवा नंतर थोड्या पैशांत दूर करता येतात, तर काही यंत्राबरोबर शेवटपर्यंत राहतात. बाजारात गाजावाजा बहुधा पहिल्या वर्गाचा होतो आणि दुसऱ्या वर्गाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून ग्राहक नेमका उलटा सौदा करून बसतो. ज्या गोष्टी पुढे सहज बदलता आल्या असत्या त्यांच्यासाठी तो आज पैसे मोजतो आणि ज्या कधीच बदलता येणार नाहीत त्यांच्यावर बचत करतो.

रॅमचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. या किमतीतले अनेक लॅपटॉप ८ जीबीच्या एकाच पट्टीसह येतात. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामध्ये माहितीची ये-जा करणाऱ्या वाटांना चॅनल म्हणतात, आणि एकच पट्टी असली की दोनपैकी एकच चॅनल वापरात राहतो. डीडीआर४ प्रकारची, ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहते, तर दोन पट्ट्या ५१.२ जीबी वाहतात. विहिरीला पाणी भरपूर असून तिच्यावर रहाट मात्र एकच असावा, तशी ती स्थिती आहे. पण ही उणीव एका दुपारच्या कामाने दूर होते: दुसरी जागा रिकामी असेल तर तितक्याच क्षमतेची आणखी एक पट्टी बसवली की काम झाले. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या पेठांमध्ये हे काम करून देणारे तंत्रज्ञ सहज भेटतात, आणि ज्याला पेचकस धरता येतो त्याला ते घरीही जमते. माहिती साठवणाऱ्या एसएसडीचेही तेच आहे. ५१२ जीबी म्हणून विकलेली एसएसडी विंडोजमध्ये सुमारे ४७६ दिसते, त्यात प्रणालीची जागा वजा जाते, आणि आजचा एकेक मोठा खेळ १०० जीबीहून अधिक जागा व्यापत असल्यामुळे दोन-तीन खेळांतच ती भरते. मात्र मदरबोर्डवर एसएसडी बसवण्याची दुसरी एम.२ खाच असेल तर हीही अडचण फार काळची नाही. म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न 'रॅम किती?' हा नसून 'दुसरी जागा रिकामी आहे का, रॅम सोल्डर केलेली तर नाही ना, आणि झाकण उघडल्याने वॉरंटीवर काही परिणाम होतो का?' हा आहे.

ग्राफिक्स चिपची स्वतःची मेमरी, जिला व्हीरॅम म्हणतात, ती मात्र दुसऱ्या वर्गात मोडते. ती मदरबोर्डवर कायमची बसवलेली असते आणि कितीही पैसे दिले तरी लॅपटॉपमध्ये वाढवता येत नाही. खेळातल्या भिंती, झाडे, कपडे, चेहरे यांचे पृष्ठभाग या मेमरीत भरून ठेवावे लागतात, आणि ती भरली की उरलेला भाग लॅपटॉपच्या साध्या रॅममध्ये जातो. आरटीएक्स ३०५० ची स्वतःची मेमरी सेकंदाला सुमारे १९० जीबी माहिती पुरवते, तर साध्या रॅमकडून चिपपर्यंत येणारा रस्ता त्याच्या एक-दशांशाहूनही अरुंद असतो. त्यामुळे सरासरी वेग ठीक दिसत असतानाही दृश्य मधेच गोठते. ४ जीबी २०२१ साली तुटपुंजी होती आणि आज ती अपुरीच म्हणावी लागेल. अभ्यासाच्या बाजूनेही हाच निष्कर्ष निघतो: यंत्रशिक्षणाचे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला सातशे कोटी घटकांकांचे (पॅरामीटरचे) भाषा-प्रारूप घरच्या यंत्रावर चालवून पाहायचे असेल, आणि प्रत्येक घटकांक आवळून चार बिटमध्ये म्हणजे अर्ध्या बाइटमध्ये बसवला, तरी नुसत्या घटकांकांनाच साडेतीन जीबी लागतात, मग प्रत्यक्ष कामाला जागा उरत नाही. त्यामुळे ४ जीबीची चिप आणि १६ जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपपेक्षा ६ किंवा ८ जीबीची चिप आणि केवळ ८ जीबी रॅम असलेला लॅपटॉप, जर त्यात दुसरी जागा रिकामी असेल तर, निःसंशय उजवा आहे, जरी दुकानातल्या फलकावर पहिला अधिक भरदार दिसत असला.

पडदाही बदलता न येणाऱ्या वर्गातलाच धरायला हवा, कारण पॅनेल बदलणे तत्त्वतः शक्य असले तरी त्याचा खर्च सहसा परवडत नाही. इथे '१४४ हर्ट्झ' हा आकडा ठळक छापलेला असतो. त्याचा अर्थ पडदा सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकतो, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सुमारे सात मिलिसेकंद येतात. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या तुलनेने हलक्या, स्पर्धात्मक खेळांत त्याचा खरोखर उपयोग होतो. मोठ्या, दृश्यप्रधान खेळांत बजेट चिप सेकंदाला ५०-६० चित्रेच घडवते आणि पडद्याची उरलेली क्षमता रिकामी राहते. शिवाय स्वस्त पॅनेलच्या बिंदूंना रंग बदलायलाच सात मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो, त्यामुळे हलत्या वस्तूमागे पुसट सावली रेंगाळते. पण यापेक्षा गंभीर उणीव रंगांची आहे. तपशिलाच्या कोपऱ्यात '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिलेले असते. एनटीएससी हे १९५३ सालच्या अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीचे मानक आहे, आणि त्याच्या ४५ टक्के म्हणजे आज इंटरनेट व छायाचित्रण यांत सर्रास धरल्या जाणाऱ्या एसआरजीबी या रंगपटाच्या सुमारे ६० ते ६५ टक्केच. दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ किंवा एखाद्या नाटकाचे पोस्टर अशा पडद्यावर रंगवणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातला झेंडूचा केशरी किंवा कुंकवाचा लाल जसा छापून येणार आहे तसा दिसतच नाही. केवळ खेळणाऱ्याने ही उणीव सोसावी. चित्रकाम करणाऱ्याने सोसू नये, किंवा निदान वसतिगृहाच्या टेबलावर पुढे एक चांगला बाहेरचा मॉनिटर जोडण्याची तरतूद मनाशी ठेवावी.

प्रोसेसरकडे वळताना पुन्हा नावांचाच प्रश्न येतो, परंतु त्यात फार अडकण्याचे कारण नाही, कारण या किमतीत प्रोसेसर क्वचितच सर्वांत कमकुवत भाग असतो. एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्यावे. अनेक स्वस्त गेमिंग लॅपटॉपांत दिसणारा एएमडीचा रायझन ७ ७४३५एचएस हा आठ गाभ्यांचा, चांगला वेगवान प्रोसेसर आहे, पण त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही. एरवी लॅपटॉपमध्ये साधे टंकलेखन किंवा वाचन चालू असताना स्वतंत्र ग्राफिक्स चिप झोपवली जाते आणि पडद्याचे काम प्रोसेसरमधली काटकसरी ग्राफिक्स करते. ही अदलाबदल एनव्हिडियाने २०१० मध्ये ऑप्टिमस या नावाने आणली. अंगभूत ग्राफिक्सच नसेल तर मोठ्या चिपला सतत जागे राहावे लागते. ५० वॅट-तासांची बॅटरी आणि दहा वॅटचा खर्च असेल तर पाच तास मिळतात, तोच खर्च वीस वॅटवर गेला की अडीच. सकाळी नऊला घर सोडून संध्याकाळी परतणाऱ्या आणि वर्गात चार्जिंगचा पॉइंट मिळण्याची खात्री नसलेल्या विद्यार्थ्याला हा फरक रोज जाणवेल. ज्याचे यंत्र कायम टेबलावर राहणार आहे त्याला तो जाणवणारही नाही. बॅटरीवर खेळण्याची अपेक्षा मात्र कुणीच ठेवू नये, कारण एवढी वीज एकदम पुरवणे तिला झेपत नाही आणि चार्जर काढताच यंत्र स्वतःचा वेग आवळून घेते. चार्जरही हलका नसतो. लॅपटॉपचे सव्वादोन-अडीच किलो आणि त्याच्या विटेएवढ्या चार्जरचे अर्धा किलो मिळून जे ओझे होते ते लोकलच्या गर्दीत खांद्याला कळते. यूएसबी-सी मार्गाने ६५ ते १०० वॅटवर चार्ज होणारे मॉडेल मिळत असेल तर महाविद्यालयात छोटा चार्जर नेता येतो, आणि ही सोय पाचशे-हजार रुपये अधिक देऊन घेण्याजोगी आहे.

स्वस्त यंत्राच्या बाजूने बोलणाऱ्या दोन गोष्टी न्यायाने सांगायला हव्यात. पहिली म्हणजे डीएलएसएस आणि एफएसआर ही तंत्रे, ज्यांत खेळाचे चित्र कमी बिंदूंमध्ये, उदाहरणार्थ १२८० बाय ७२० मध्ये घडवून नंतर गणिताने १९२० बाय १०८० पर्यंत वाढवले जाते. लहान पडद्यावर मूळ आणि वाढवलेले चित्र यांतला फरक चटकन ओळखू येत नाही आणि चिपचा भार पुष्कळ हलका होतो. दुसरी गोष्ट आणखी साधी आहे: खेळाच्या सेटिंगमध्ये सेकंदाला घडणाऱ्या चित्रांची संख्या (एफपीएस) ६० वर बांधून ठेवली तर चिपला अनावश्यक धावपळ करावी लागत नाही, तापमान उतरते, पंख्यांचा आवाज कमी होतो आणि खेळ अधिक एकसारखा चालतो. नव्या उत्पादन-तंत्राचाही यात वाटा आहे. ३० च्या मालिकेतल्या चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवर घडल्या, तर ४० च्या मालिकेतल्या तैवानच्या टीएसएमसीच्या अधिक प्रगत प्रक्रियेवर, त्यामुळे तितक्याच वॅटमध्ये ४०५० कडून ३०५० पेक्षा स्पष्टपणे अधिक काम होते. ज्या लॅपटॉपची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमताच मर्यादित आहे त्यात दर वॅटमागे मिळणारे काम हीच खरी संपत्ती असते, आणि म्हणून जुन्या मालिकेतल्या यंत्रावर मिळणारी सवलत जपूनच स्वीकारावी.

पैशांच्या बाजूबद्दल थोडक्यात. लॅपटॉपवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे, म्हणजे ७० हजारांच्या बिलात सुमारे १० हजार ७०० रुपये कराचे असतात. दसरा-दिवाळीच्या सवलती खऱ्याच असतात, पण महाविद्यालय जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होते आणि अनेकांना थांबणे शक्य नसते. ज्यांना पहिले सत्र महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या संगणकांवर काढता येईल त्यांनी अवश्य थांबावे. 'नो कॉस्ट ईएमआय' या योजनेकडे मात्र सावधपणे पाहावे. शून्य टक्के व्याज ही संकल्पना अस्तित्वातच नसते, अशी भूमिका रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच घेतली होती. व्याजाएवढी सूट आधी दाखवून ते व्याज हप्त्यांतून वसूल होते, त्या व्याजावर कर लागतो, प्रक्रिया शुल्क वेगळे असते आणि एकरकमी खरेदीवर मिळू शकली असती ती सवलत हातची जाते. हप्ते वाईट नाहीत. अनेक कुटुंबांना तोच एक मार्ग असतो. फक्त ते फुकट आहेत असे समजून घेऊ नयेत.

मग डेस्कटॉप का नको, हा प्रश्न टाळता येत नाही. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप अधिक वेग देतो, त्याचे ग्राफिक्स कार्ड, रॅम, पॉवर सप्लाय असे सगळे भाग सुटे बदलता येतात, उन्हाळा त्याला कमी बाधतो, आणि म्हणून तो सात-आठ वर्षे सहज टिकवता येतो. घरीच राहून शिकणाऱ्या, वर्गात लॅपटॉप नेण्याची सक्ती नसलेल्या विद्यार्थ्याने डेस्कटॉपचाच विचार आधी करावा. त्याच्या हातात स्वस्त गेमिंग लॅपटॉप पाहून वाईट वाटते, कारण ज्या सोयीसाठी त्याने इतका वेग सोडला ती सोय तो वापरतच नाही. परंतु तिघांनी मिळून घेतलेल्या भाड्याच्या खोलीत, दर सत्रानंतर बिऱ्हाड बदलणाऱ्या, सुटीत एसटीने गावी जाणाऱ्या आणि गावी वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या मुलाला डेस्कटॉपचे हे सगळे गुण फारसे उपयोगी पडत नाहीत. वीज गेली तरी चालू काम जतन करण्याइतका वेळ लॅपटॉपची बॅटरी देते. डेस्कटॉपला त्यासाठी वेगळा यूपीएस लागतो.

आणि या यंत्राकडे केवळ खर्चाच्या हिशेबाने पाहणे अपुरे ठरेल. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ २०२० मध्ये जगापुढे आणला. खेळ घडवण्याची विद्या आता मोठ्या स्टुडिओपुरती राहिलेली नाही. ब्लेंडर हे त्रिमितीय आकार घडवण्याचे सॉफ्टवेअर मोफत आहे, खेळ रचण्याची अनरियल आणि गोडो ही साधने विद्यार्थ्याला विनामूल्य मिळतात, आणि मोठे काम करताना त्यांना जिची मदत होते ती स्वतंत्र ग्राफिक्स चिप ज्या स्वस्तातल्या स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये असते तो हाच. लातूर किंवा सावंतवाडीच्या एखाद्या मुलीला आपल्या गावची लोककथा खेळाच्या रूपात मांडावीशी वाटली तर तिचे पहिले साधन हेच यंत्र असण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे. म्हणून त्यातल्या उणिवांची चर्चा त्याला हिणवण्यासाठी करायची नसून, तिच्या पालकांनी जमवलेल्या सत्तर हजारांतून तिला जितके मिळू शकते तितके सगळे मिळावे यासाठी करायची आहे.

बाहेरगावी शिकायला निघालेल्या आणि एकाच यंत्रावर अभ्यास व खेळ दोन्ही करू पाहणाऱ्यासाठी निवड पुरेशी स्पष्ट आहे: किमान ६ जीबी व्हीरॅमची, ४० च्या किंवा त्यानंतरच्या मालिकेतली चिप, तिला ७५ ते ८० वॅटच्या खाली न रोखणारे यंत्र, अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर, रॅमसाठी रिकामी जागा, आणि गावाजवळ किंवा निदान जिल्ह्याच्या ठिकाणी कंपनीचे सेवा केंद्र. रॅम आज ८ जीबी असली तरी चालेल, एसएसडी लहान असली तरी चालेल, झाकण प्लास्टिकचे आणि दिसायला साधे असले तरी उत्तम चालेल. यातला वॅटचा आकडा बहुतेक खोक्यांवर छापलेला नसतो. कंपनीच्या संकेतस्थळावर तांत्रिक तपशिलात तो खोलवर कुठेतरी सापडतो, कधी तिथेही सापडत नाही. लॅपटॉप विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने तो चिपच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावा, आणि तोपर्यंत प्रत्येक ग्राहकाने पैसे देण्यापूर्वी तो दुकानदाराला विचारावा व बिलावर लिहून मागावा.